डिझेल गाडीत पेट्रोल पडलं? सेल मारू नका, आधी हे वाचा

पंपावर गाडी लावली, काच खाली करून "दोन हजारचं टाक" म्हणालो, मोबाइल बघत बसलो, आणि पोरगं नोझल लावून मोकळं झालं... मग पावती हातात आली की त्यावर पेट्रोल लिहिलेलं दिसतं आणि गाडी तर डिझेल. हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. क्रेटा घ्या, नेक्सॉन घ्या, थार घ्या, स्कॉर्पिओ एन घ्या, एकच गाडी पेट्रोलमध्येपण येते आणि डिझेलमध्येपण, बाहेरून ओळखायला फार तर मागे एखादा बिल्ला. त्यात मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, पण त्याआधीच्या डिझेल स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा अजून रस्त्यावर भरपूर फिरतायत आणि नवीन पोराला स्विफ्ट म्हणजे पेट्रोलच वाटते, त्यात त्याची काही चूक नाही.

उलटं, म्हणजे पेट्रोल कारमध्ये डिझेल, हे त्यामानाने कमी होतं कारण डिझेलचं नोझल जाड असतं, पेट्रोल कारच्या टाकीच्या तोंडात नीट बसत नाही. पेट्रोलचं नोझल बारीक, ते डिझेलच्या तोंडात आरामात जातं. म्हणजे ज्या चुकीने जास्त नुकसान तीच चूक करणं जास्त सोपं, असा सगळा उलटा मामला आहे.

तर मुख्य गोष्ट आधी सांगतो म्हणजे कोणी पंपावर उभं राहून हे वाचत असेल तर त्याचं काम होईल. टाकीत चुकीचं तेल पडलं म्हणून इंजिन खराब होत नाही. ते टाकीतून पुढे गेलं की खराब होतं. त्यामुळे गाडी चालू करायची नाही, सेल मारायचा नाही, चावी ऑनसुद्धा करायची नाही, एसीसाठी नाही, काच वर करण्यासाठी नाही, "जरा बाजूला घ्या ना साहेब मागे लाइन लागलीय" म्हणून तर अजिबात नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो आणि चावी ऑन केली की तो लगेच तेल पुढे ढकलायला लागतो, इंजिन चालू नसलं तरी. तुमच्या गाडीत तो आहे का नाही हे तिथे उभं राहून कळणार नाही, म्हणून आहे असंच धरायचं. पुश बटण असेल तर बटणाला बोट लावायचं नाही आणि घरातल्यांनापण सांगायचं, कारण पोरं मागे बसून "पप्पा गरम होतंय" करत असतात आणि कोणीतरी दाबतं.

पंपावरच्या पहिल्या दहा मिनिटांत

नोझल अजून आत असेल तर थांबवायला सांगा. मशीनच्या डिस्प्लेचा फोटो काढा, किती लिटर गेलं, कितीचं गेलं, कुठल्या मशीनचं कुठलं नोझल, सगळं दिसलं पाहिजे. नोझल अजून गाडीत असेल तर त्यासकट फोटो. मग पावती मागा. इथे एक गंमत होते, पंपवाले पटकन "बिल कॅन्सल करतो, पैसे देऊ नका" म्हणतात आणि आपल्याला बरं वाटतं, पण पावती हाच तर पुरावा. पावतीवर प्रॉडक्टच्या जागी सरळ पेट्रोल किंवा डिझेल लिहिलेलं असतं, नाहीतर एमएस म्हणजे पेट्रोल आणि एचएसडी म्हणजे डिझेल. आधी पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या, पावती घ्या, परत घ्यायचे ते नंतर बघू.

त्या पोरावर ओरडून काही होत नाही. त्याचा पगार तो किती, तो काय भरून देणार. मॅनेजरला बोलवा, मालकाला फोन लावायला सांगा. पंपावर तक्रारवही असते, ती मागून घेऊन त्यात तारीख, वेळ, गाडी नंबर, काय मागितलं आणि काय टाकलं एवढं लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या. सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असंपण त्याच वहीत लिहा, कारण फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग "साहेब रेकॉर्डिंग नाहीये" एवढंच ऐकायला मिळतं. तुम्ही तोंडाने डिझेल म्हणाला होता का नुसतं दोन हजारचं टाक म्हणाला होता, हा वाद पुढे नक्की निघतो, त्यामुळे खरं काय झालं ते तिथेच कागदावर आलेलं बरं. मॅनेजर चूक मान्य करत असेल तर दोन ओळी त्याच्याकडूनपण लिहून घ्या, टाकी रिकामी करायचा, फिल्टरचा आणि टोचनचा खर्च पंप देईल अशा. बरेच चांगले पंपवाले देतात, उगाच आधीच भांडणाच्या सुरात जायची गरज नाही.

आणि याच वेळेला चार लोक जमा होतात, त्यातला एक जण हमखास सांगतो, "काही होत नाही हो, वरून डिझेल फुल्ल करा आणि बिनधास्त जावा, आम्ही तर मुद्दाम टाकायचो." तो खोटं बोलत नसतो, म्हणून तर तो जास्त धोकादायक.

"आम्ही तर टाकायचो" कुठून आलं

जुने ट्रक, ट्रॅक्टर यांच्यात जो इनलाइन पंप (इंजिनाला डिझेल दाबून देणारा जुना प्रकार) असायचा त्याला वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं, प्रेशरपण आजच्या मानाने कमी, फटी मोठ्या, त्यामुळे थोडं रॉकेल, थोडं पेट्रोल त्यात खपून जायचं. युरोपातल्या जुन्या डिझेल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळायला चक्क परवानगी असायची. म्हणजे सल्ला एकेकाळी बरोबर होता, गाडी बदलली.

आताच्या कॉमन रेल इंजिनात (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना, डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागांना, एकाच जाड पाइपातून, रेलमधून डिझेल मिळतं) हाय प्रेशर पंप डिझेलला १६०० बार, काही गाड्यांत २००० बारच्या वर दाबतो. आपल्या टायरमध्ये साधारण २.२ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. एवढं प्रेशर टिकवायचं तर आतल्या भागांमधली फट केसापेक्षाही कितीतरी बारीक ठेवावी लागते आणि त्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, जे डिझेल त्यातून जातं तेच त्याचं वंगण. त्यातही बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या आताच्या नियमांतल्या, डिझेलमधलं सल्फर १० पीपीएमवर (दहा लाखात १० भाग) आणलंय, बीएस ४ मध्ये ते ५० होतं, आणि सल्फर काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणापण कमी होतो, म्हणून त्यात वरून वंगणासाठी वेगळं केमिकल घालावं लागतं. मुळातच जेमतेम वंगण, त्यात पेट्रोल पडलं की ते सॉल्व्हंटसारखं उरलासुरला थर धुऊन काढतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते वंगणाला शून्य आणि वर पाणी ओढून घेणारं. मग पंप आतून तेल न लावलेल्या तव्यावरच्या थालीपिठासारखा होतो, चिकटतो आणि खरवडतो.

खरवडलं की लोखंडाचा बारीक भुगा सुटतो. हा भुगा रेलमध्ये जातो, तिथून इंजेक्टरमध्ये, आणि न वापरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत येतं त्याबरोबर टाकीतपण येतो. म्हणून एकदा भुगा झाला की नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, इंजेक्टर, रेल, पाइप, फिल्टर, टाकीची सफाई, सगळं. एकेक इंजेक्टर दहा-वीस हजारांच्या घरात, पंप त्याहून महाग, चार सिलिंडरचं गणित तुम्हीच करा, आकडा आरामात लाखाच्या पुढे जातो. आणि चालू न करता टाकी रिकामी केली तर? काही हजार. एवढाच फरक आहे, आणि तो सगळा एका चावीवर.

दुसरं, पेट्रोल डिझेल इंजिनात नीट पेटतपण नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा १६ पटीच्या आसपास दाबून जी गरम होते तिच्यावर डिझेल आपोआप पेटतं. ते किती पटकन पेटतं त्याचा आकडा म्हणजे सीटेन, आपल्या डिझेलला किमान ५१ लागतो. पेट्रोलचं सगळं डिझाइनच आपोआप पेटू नये असं केलेलं. त्यामुळे मिश्रण उशिरा पेटतं, एकदम पेटतं आणि इंजिनातून टकटक-खडखड आवाज येतो.

अजून एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पेट्रोल हलकं, डिझेल जड, मग पेट्रोल वर तरंगेल, वरचं वरचं काढून घेऊ... नाही. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात, पाणी आणि तेलासारखे थर होत नाहीत. टाकीत आधीचं २० लिटर डिझेल होतं आणि १५ लिटर पेट्रोल पडलं तर आता ३५ लिटर खराब माल आहे, सगळाच्या सगळा काढायचा. किती टक्क्यांपर्यंत चालतं असं लोक विचारतात. ५ टक्के, २ टक्के असे आकडे फिरत असतात, पण दुरुस्तीचं बिल आकडा सांगणारा भरत नाही, त्यामुळे कॉमन रेल गाडी असेल तर काढायचं आणि विषय संपवायचा.

गाडी बाजूला घेणं

मॅन्युअल गाडी असेल तर सोपं आहे, न्यूट्रल करा, हँडब्रेक काढा, दोघा-तिघांनी ढकला. स्टिअरिंग लॉक असेल तर चावी फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, जिथे म्युझिक सिस्टीम लागते, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात तो दुसरा टप्पा, तिथपर्यंत न्यायची नाही. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबले की दगड होतात, त्यामुळे आत बसणारा माणूस जरा दमाचा पाहिजे आणि पंपाला उतार असेल तर दगड किंवा लाकूड हातात घेऊन एकाने बाजूने चालायचं.

ऑटोमॅटिकला जरा त्रास आहे. पी मधून एन मध्ये घ्यायला बऱ्याच गाड्यांना चावी ऑन लागते, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सोडायलापण लागते. अशा वेळी मेकॅनिकला आधी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायला सांगा, तो काढला की टाकीतला पंप चालणार नाही आणि मग फक्त ऑन करून एन मध्ये घेता येईल. स्टार्ट तरीपण करायची नाही हे वेगळं सांगायला नको. फ्यूज कुठला ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. नाही जमलं तर फ्लॅटबेडवाला बोलवा, तो चाकाखाली ट्रॉली घालून उचलतो.

धक्का स्टार्ट करायचा मोह कोणाला होत असेल तर, तेपण चालू करणंच झालं. आणि टोचन लावून ओढत असाल तरी गाडी न्यूट्रलमध्येच, गिअरमध्ये राहिली तर इंजिन फिरतं आणि त्याच्याबरोबर हाय प्रेशर पंपपण फिरतो.

गाडी पंपावरून निघाल्यावर लक्षात आलं तर? म्हणजे दोन-चार किलोमीटरनंतर पिकअप पडला, मिसिंग मारायला लागली, पांढरा धूर, चेक इंजिनचा दिवा. तेव्हा "पुढच्या गावात गॅरेज आहे तिथपर्यंत नेऊ" असं करायचं नाही. डावीकडे घ्या, लगेच बंद करा. हजार्ड लाइट चावी बंद असतानापण लागतात. ट्रँगल मागे लांब ठेवा, हायवेवर असाल तर माणसांना गाडीबाहेर काढून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन लावा. पंपापासून लांब आलाय म्हणून पंपाची जबाबदारी संपत नाही, पावती आहे तर फोन करून मॅनेजरला लगेच कळवा आणि तोच मजकूर मेसेज करून ठेवा.

टाकी रिकामी करणं

पहिली गोष्ट, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचं नाही. सगळ्यांनी कधी ना कधी बघितलंय कोणीतरी करताना, पण घशात गेलं आणि तिथून फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो आणि माणूस दवाखान्यात जातो. आणि आताच्या बऱ्याच टाक्यांच्या तोंडात जाळी किंवा व्हॉल्व्ह असतो, नळी खालपर्यंत जातच नाही.

दुसरी, हे काम पंपाच्या आवारात मशीनच्या शेजारी करायचं नाही. पंपाजवळचा मेकॅनिक "इथेच काढतो की दहा मिनिटात" म्हणतो. डिझेल एकटं असतं तर इतकी भीती नसती, पण त्यात पेट्रोल मिसळलं की ते मिश्रण साध्या तापमानालापण वाफ सोडतं आणि एका ठिणगीवर पेट घेतं. उघड्यावर, हवेशीर जागा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, मोबाइल लांब, बिडी-सिगारेट तर सोडाच, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. प्लास्टिकच्या बादलीत घ्यायचं नाही, स्टॅटिकने ठिणगी उडू शकते. झाकणाचे लोखंडी कॅन बरे.

काढायच्या पद्धती गाडीगणिक वेगळ्या. काहींमध्ये मागच्या सीटखाली झाकण असतं, ते उघडलं की टाकीतल्या पंपाचं किंवा फ्लोटचं युनिट दिसतं, ते काढून तिथून हँडपंपाने उपसतात. काहींमध्ये टाकीच खाली उतरवावी लागते. काही जण फिल्टरकडे येणारा पाइप काढून टाकीतल्याच पंपाने बाहेर काढतात, पाइप हाय प्रेशर पंपाच्या आधीच काढलेला असेल तर तेपण ठीक आहे, पण त्याला बॅटरी जोडलेली ठेवावी लागते आणि तळाचं दोन-तीन लिटर त्यात राहून जातं. टाकी पूर्ण रिकामी झाली का हे टॉर्च मारून बघा. ठिणगी न उडवणारा फ्लेमप्रूफ टॉर्च, मोबाइल नाही.

मग चार-पाच लिटर चांगलं डिझेल टाकून टाकी खंगाळून परत काढायचं, डिझेल फिल्टर नवीन घालायचा (जुना धुऊन घालतो म्हणाले तर नाही म्हणा, त्याच्या कागदात पेट्रोल मुरलेलं असतं), टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप हवेने साफ करायचा. गाडी अजिबात चालू केलेली नसेल तर काम इथपर्यंतच. दहा-पंधरा लिटर डिझेल भरा, हातपंप असेल तर फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत मारा, नसेल तर चावी ऑन-ऑफ चार-पाच वेळा करून लाइन भरून घ्या. लाइनमधली एअर (हवा) नीट काढा. एअर राहिली आणि नुसते सेलवर सेल मारत बसला तर पंप कोरडा फिरतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच झालं. चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवा, रेस करू नका, आणि मग जाऊन टाकी डिझेलने फुल्ल करा.

गाडी चालू झाली होती तर

इथे थोडा जास्त वेळ द्यावा लागतो आणि इथेच गॅरेजवाले घाई करतात. फिल्टर काढल्यावर तो फेकून देऊ देऊ नका. त्यातलं तेल एका स्वच्छ काचेच्या बरणीत ओतून घ्या, झाकण लावा, अर्धा तास हलवू नका. मग उन्हात धरून खालून बघा. तळाशी चंदेरी चकाकी दिसली, ज्वेलरच्या दुकानात फरशी झाडल्यावर निघेल तशी बारीक, तर बाहेरून बरणीच्या तळाला लोहचुंबक लावा आणि हळूहळू सरकवा. चकाकी चुंबकामागे सरकली तर पंप आतून खरवडलाय. मग फिल्टर बदलून गाडी चालू करायची नाही, आधी पंप आणि इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर जायला पाहिजेत. डिझेल पंप-नोझलची दुकानं वेगळी असतात, साध्या गॅरेजवाल्याचं ते काम नाही, बहुतेक शहरांत ट्रान्सपोर्टच्या भागात किंवा एमआयडीसीच्या आसपास मिळतात.

चकाकी काहीच नसेल तर बऱ्यापैकी नशीब चांगलं. टाकी, लाइन, फिल्टर साफ करून, रिटर्न पाइप तात्पुरता वेगळ्या कॅनमध्ये सोडून चालू करा म्हणजे लाइनमधलं उरलेलं मिश्रण परत टाकीत येणार नाही. स्कॅनर लावून रेल प्रेशर बघायला सांगा, मागणीइतकं चढतंय का आणि स्थिर राहतंय का. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल आणि ऑइल फिल्टरपण बदला. पुढचे काही दिवस सकाळचं पहिलं स्टार्ट कसं होतंय ते बघा, जास्त सेल खायला लागली तर प्रेशर गळतंय.

पेट्रोल कारमध्ये डिझेल

हे त्रासदायक आहे पण बहुतेक वेळा खिशाला परवडतं. डिझेलची वाफ नीट होत नाही, स्पार्कला पेटत नाही, प्लग काळे-ओले होतात, गाडी धूर सोडत बंद पडते. टाकी रिकामी करा, लाइन साफ करा, प्लग साफ करा किंवा बदला, फिल्टर बदला. एकच जपायचं, बंद पडल्यावर परत परत सेल मारू नका, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महाग आहे, शिवाय सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. सीएनजी गाडीवाल्यांना वाटतं पेट्रोलच्या टाकीत डिझेल पडलं तर काय, सीएनजीवर घरी जाऊ. पण अनेक गाड्या स्टार्ट पेट्रोलवर होऊन मग सीएनजीवर जातात, त्यामुळे तो मार्गपण बंद.

बाइक-स्कूटरला टाकीचं तोंड उघडं असल्यामुळे जाड नोझलचा अडथळा नाही, गावाकडे कॅनमधून ओततानापण घोळ होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करा, टाकी काढून उलटी करा, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून तिथलंपण काढा, प्लग पुसा, झालं. बहुतेक बीएस ६ गाड्यांमध्ये इंजेक्शन असतं आणि बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतच असतो, ते घरी उघडण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला ढकलत न्या.

निळ्या झाकणाचं वेगळं प्रकरण

नवीन डिझेल गाड्यांमध्ये, एक्सयूव्ही ७०० वगैरे आणि बहुतेक बीएस ६ ट्रकमध्ये, डिझेलशिवाय डीईएफची, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. हे डिझेलच्या टाकीत पडलं तर पेट्रोलपेक्षा वाईट. ते जड असल्यामुळे तळाला बसतं, पंप तेच आधी ओढतो, आणि वाळलं की युरियाचे खडे तयार होतात. चावी बंद, टाकी उतरवून साफ, दुसरा इलाज नाही. उलटं म्हणजे डिझेल डीईएफच्या टाकीत गेलं तर तिथले रबराचे सील डिझेलला टिकत नाहीत, तेव्हा तिथेपण चालू न करता बोलवायचं.

पैसे कोण देणार

साध्या मोटर पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि त्यामागून होणारं नुकसान वगळलेलं असतं, चुकीचं इंधन त्यातच ढकलतात. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलंय म्हणून निश्चिंत राहू नका, ते मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यासाठी असतं, आपल्या पॉलिसीचे शब्द वाचा. उपयोगाला येतो तो रोडसाइड असिस्टन्स, बऱ्याच प्लॅनमध्ये चुकीच्या इंधनासाठी टाकी रिकामी करणं किंवा टोइंग असतं, त्यामुळे ओळखीच्या मेकॅनिकला बोलवायच्या आधी तो नंबर लावा. कंपनीची वॉरंटी यात मिळत नाही.

पंपाने हात वर केले तर पंपावरच्या बोर्डावर तेल कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा नंबर असतो, त्याला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेपण नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याने आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गोव्याला जाताना कोल्हापूरच्या पुढे घोळ झाला तरी ठाण्यात केस टाकता येईल. वकील लागत नाही, ऑनलाइन होते, मुदत दोन वर्षं. लागतं काय तर पावती, फोटो, तक्रारवहीचं पान, आणि गॅरेजचं बिल ज्यावर "टाकीत पेट्रोल-डिझेल मिश्रण आढळले" असं स्पष्ट लिहिलंय. नुसतं "फ्युएल सिस्टीम क्लीनिंग" लिहिलेल्या बिलाचा काही उपयोग नाही, लिहून घेतानाच बघा.

पुढच्या वेळी

काच खाली करून रक्कम सांगायच्या आधी "डिझेल" म्हणा, आणि "डिझेल ना?" असं परत त्याच्या तोंडून ऐका. नोझलच्या रंगावर जाऊ नका, मशीनवर नोझलच्या वर जे नाव लिहिलंय ते बघा. झाकणाच्या आत कंपनीचा स्टिकर असतो पण तो उन्हाने उडतो, मोठ्या अक्षरात मराठीत डिझेल लिहिलेला एक लावून घ्या, पंपावरच्या पोराला तो पहिला दिसतो. भाड्याची किंवा पाहुण्यांची गाडी घेऊन निघाला असाल तर मालकाला आधी विचारा, आरसीवर इंधनाचा प्रकार छापलेला असतो तोपण बघा.

राहता राहिलं ते काढलेलं तीस-चाळीस लिटर मिश्रण. ते स्टोव्हमध्ये, जनरेटरमध्ये, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये घालायचं नाही, स्टोव्हमध्ये तर भडकाच होईल. गॅरेजमध्ये पार्ट धुवायला डिझेल वापरतात म्हणून हेपण देऊन टाकतात, पण वाफ पेट्रोलची आहे हे त्या पोराला सांगणार कोण? घरी बाल्कनीत कॅन भरून ठेवणंपण नको, पेट्रोलच्या वर्गातलं इंधन ३० लिटरच्या वर विनापरवाना ठेवता येत नाही आणि त्यात पेट्रोल पडलं की ते सगळंच त्या वर्गात जातं. सर्व्हिस सेंटरचा जुनं ऑइल उचलणारा ठरलेला असतो, त्याच्याकडेच द्या, कॅनवर मार्करने "पेट्रोल मिक्स" लिहून.